खरखरीतला मृदंग

या मित्रांनो, जवळ या. आणखी थोडं जवळ. माझा आवाज बारीक आहे आणि त्यात खरखर फार. लांबून ऐकलंत तर वाटेल, कुणी फोडणीत मोहरी तडतडवतंय. कीर्तनाला बसताना जशा चपला बाहेर काढतात, तशी कानातली ती बोंडं काढून बाजूला ठेवा. एका पदाची गोष्ट सांगते. त्या पदाच्या मधोमध एक माणूस उभा आहे, आणि शंभराहून जास्त वर्षं तो कुणालाही ऐकू आला नव्हता.

मी एक जुनी तबकडी आहे. ग्रामोफोनवर फिरणारी, काळी, ताटलीएवढी. सध्या माझा मुक्काम बडोद्यात, रावपुऱ्यात, माधवरावांच्या फ्लॅटमधल्या कपाटात आहे. आधीच सांगून ठेवते, ही काही गोड गोष्ट नाही. माझ्या आयुष्यात मला शिसारीच फार आली. तुम्हाला मध्येच नाक मुरडावंसं वाटलं तर खुशाल मुरडा, मी वाईट वाटून घेणार नाही.

सुरुवात जन्मापासूनच करू. माणूस मातीचा असतो म्हणतात. मी किड्यांच्या लाळेची. पळसाच्या आणि बोरीच्या फांद्यांवर लाखेचे किडे चिकटून बसतात, झाडाचा रस पितात आणि अंगातून चिकट राळ गाळतात. ती राळ खरवडायची, त्यात दगडाची पूड, काजळी आणि कापसाचे तंतू कालवायचे, तापवायचं आणि दाबाखाली चेपायचं. शी! आणि असल्या अंगावर देवाचं नाव कोरलेलं. देवाला असल्या गोष्टींची किळस येत नसावी. मला अजून येते.

माझ्या आधी माझी आई होती. ती मेणाची जाड चकती होती. आवाज पहिल्यांदा कोरला गेला तो तिच्या अंगावर. मेणावरून धातूचा साचा निघाला आणि साच्यातून मी. तेव्हा पुढचं जे सांगते ते आईचं सांगणं समजा.

बडोद्यात तेव्हा रखमाबाई कीर्तन करायच्या. नऊवारी, खांद्यावरून शेला, हातात झांज. आवाज भरदार, खाली उतरला की जमिनीखालून आल्यासारखा. मृदंगाच्या साथीला विश्राम. विश्राम संस्थानच्या पागेतला शिपाई. दिवसभर घोड्यांचे तंग आवळायचा आणि संध्याकाळी मृदंगाच्या वाद्या. रखमाबाई मालक आणि तो नोकर असं ते नातं नव्हतं. त्या त्याला 'विश्रामदादा' म्हणायच्या, तो त्यांना 'बाई'.

रखमाबाईंनी स्वतः एक पद रचलं होतं. त्यात एक बाई देवाच्या दाराशी उभी आहे. दार बंद आहे. ती म्हणते,

'उभी मी दारात, हाक कोणा घालू?'

एवढं म्हणून रखमाबाई एक पाऊल मागे सरायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या. आणि मग विश्राम मृदंगावर पावलं वाजवायचा. आधी अगदी लांब, घराच्या पार आतल्या खोलीत कुणी उठल्यासारखी. मग जवळ. मग उंबऱ्याशी. सभामंडपातले लोक मान वळवून दाराकडे बघायचे, मित्रांनो! मग रखमाबाई पुढे होऊन म्हणायच्या,

'उघडले दार, आता काय बोलू?'

कीर्तनात शब्द बोलतात तितकीच न बोलण्याची जागा बोलते. बाई गप्प आणि देव चालतोय. यापरतं निरूपण काय असतं!

तर एकदा परदेशी कंपनीचा एक साहेब आवाज पकडायचं यंत्र घेऊन बडोद्यात आला. एका घराच्या माडीवर त्याने बिऱ्हाड थाटलं. खिडक्या बंद केल्या, भिंतींना गोधड्या टांगल्या आणि मेण मऊ राहावं म्हणून ऐन वैशाखात शेगडी पेटवली. खोलीत घाम, धूर आणि भिंतीतून बाहेर आलेला एक भला मोठा पत्र्याचा कर्णा. तेव्हा विजेचा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने त्या कर्ण्यात तोंड घालायचं आणि ओरडायचं. त्या ओरडण्याच्या धक्क्याने पलीकडची सुई हलायची आणि मेणावर रेघ ओढायची. एवढंच यंत्र.

आधी चार जण गाऊन गेले होते. कर्ण्याच्या तोंडाशी त्यांच्या तंबाखूचा आणि थुंकीचा वास साचला होता. रखमाबाईंनी पदर नाकाला लावला.

"हे पुसून घ्या आधी," त्या म्हणाल्या. "उष्ट्या ताटात नैवेद्य दाखवत नाही मी."

दुभाषा हसला, पण पुसलं त्याने.

कर्ण्याची तऱ्हा अशी, की खालचा सूर लावताना तोंड आत घालायचं आणि वरचा लावताना मागे यायचं, नाहीतर सुई उडायची. म्हणून साहेबाचा माणूस गाणाऱ्याला पाठीमागून धरून पुढे ढकलायचा आणि मागे ओढायचा. त्याने रखमाबाईंच्या खांद्याला हात लावला मात्र, बाई गर्रकन वळल्या.

"हात काढ! गाय आहे का मी, दोहायला उभी करतोस ती? कीर्तनकार आहे. पुढे कधी व्हायचं आणि मागे कधी, हे मला पोटातून कळतं."

त्या माणसाने हात काढला. खरा तंटा पुढे झाला. विश्रामने मृदंग मांडीवर घेऊन नुसती थाप मारली आणि सुई मेणात रुतली. साहेब लाल झाला. दुभाषा म्हणाला, "साहेब म्हणतात, ढोल नको. ढोलाचा जाड आवाज यंत्राला पेलत नाही."

"ढोल नाही तो," विश्राम म्हणाला. "मृदंग."

"जे काय असेल ते. बाहेर जाऊन बस."

रखमाबाईंनी झांज खाली ठेवली. "त्यांना सांगा, विश्रामदादा नाही तर मी पण नाही. माझ्या पदात देवाची पावलं हा वाजवतो. देवाला बाहेर बसवून मी कुणाला आळवू?"

बराच वेळ वाद चालला. शेवटी असं ठरलं, की विश्रामने शेजारच्या खोलीत दाराआड बसायचं आणि मृदंगाच्या डाव्या अंगावर गोधडी टाकायची. गोधडी टाकून मृदंग वाजवायचा! तोंडावर उशी दाबून बोलायला लावण्यातला प्रकार. विश्रामने मान खाली घातली आणि वाजवलं. बाईंच्या शब्दाखातर.

आई सांगायची, पावलं तिच्यापर्यंत पोचली होती. जाड बोल गोधडीतच जिरले, पण उजव्या बोटांचे बारीक बोल दाराच्या फटीतून आले. इतके बारीक, की मेणावर ते कोरल्यासारखे नाही तर ओरखडल्यासारखे उमटले. मेणाच्या स्वतःच्या खरखरीत ते मिसळून गेले.

मी घडून बडोद्यात पोचले, तोवर साथीच्या तापात रखमाबाई गेल्या होत्या. मुलगा अजून पाळण्यात. घरच्यांनी मोठ्या हौसेने गल्लीतल्या लोकांना बोलावलं, ग्रामोफोनला चावी दिली आणि पिन माझ्या अंगावर ठेवली.

खरं सांगू? माझा आवाज मलाच ऐकवला नाही. बाईंच्या आवाजातला सगळा खर्ज गेला होता. वरची धारही गेली होती. मधला तेवढा राहिला होता, पत्र्याच्या डब्यात बाई कोंडल्यासारखा. 'स' आणि 'श' तर कर्ण्याने गिळूनच टाकले होते. कंपनीने साथीला दिलेली बाजाची पेटी शेळीसारखी बेंबटत होती. तरीही लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. गेलेली बाई समोर गात होती, मग आवाज कसाही असेना. त्यांचं कौतुक खरं होतं, ते मी कधी विसरणार नाही.

मग ती जागा आली. 'हाक कोणा घालू?' आणि पुढे नुसती खरखर. लोक थांबले. खरखर चालूच. मागून कुणीतरी म्हणालं, "विसरल्या वाटतं." एक जण फिसकन हसला, मग दुसरा.

दारात विश्राम उभा होता. त्याला बोलावलं नव्हतं, तो आपणहून आला होता. त्याने कान पुढे केला. आपला मृदंग आता येईल, मग येईल. आला नाही. 'उघडले दार' सुरू झालं.

"बाई विसरल्या नाहीत," तो म्हणाला. "तिथे मी होतो."

"मग ऐकू का नाही आलास, राव?"

"वाजवलं मी."

"यंत्र खोटं बोलतं होय? यंत्राला काय तुझ्याशी वैर आहे?"

पुन्हा हसू. विश्रामने पायात वहाणा सरकवल्या आणि तो गेला. मला ओरडून सांगायचं होतं, अरे आहे रे हा, माझ्या अंगावर आहे! पण मला बोलायला पिन लागते, आणि पिनेला जे मोठं तेवढंच कळतं. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःची किळस आली. एका माणसाच्या जिभेपेक्षा लोकांनी माझ्या जिभेवर विश्वास ठेवला, आणि माझीच जीभ अपुरी होती.

त्या घरात मग एक वाक्प्रचारच रूढ झाला. कुणी पाठांतरात अडखळलं, बाजारात जाऊन काय आणायचं ते विसरलं, की म्हणायचे, "झाली याची रखमा!" जी बाई रात्रभर एकही शब्द न चुकता आख्यान सांगायची, तिचं नाव विसरभोळेपणाला लागलं. घरातली मुलं ते पद माझ्याकडूनच शिकली, पण त्या जागी आली की लाजून घाईघाईने पुढे जायची. हाक कोणा घालू उघडले दार. एका दमात. मध्ये देवाला चालायला जागाच नाही.

पुढच्या वर्षांचं काय सांगू! आवाज चांगला येतो म्हणून कुणी मला खोबरेल तेल चोळलं. तेलावर धूळ बसली आणि माझ्या रेघांत काळा मळ साचला. कुणी हळदीच्या बोटांनी उचललं. झुरळांनी माझ्या मधल्या कागदाची खळ चाटून चाटून रखमाबाईंचं नाव अर्धं खाल्लं. विश्रामचं नाव त्या कागदावर कधी नव्हतंच. ग्रामोफोन मोडल्यावर तर कळस झाला. स्वयंपाकघरात छुंद्याच्या बरणीचं झाकण फुटलं होतं, त्यावर मला ठेवलं. कैरीचा तो गोड चिकट रस, वर मुंग्या, खाली मी! ज्या अंगावर पद आहे त्या अंगावर मुंग्यांची रांग. एका उन्हाळ्यानंतर मला धुऊन पुसून कपाटात ठेवलं ते माधवरावांच्या आईने. तिचं भलं होवो.

आता आजच्या दिवसांत या.

माधवराव हे रखमाबाईंचे पणतू. वाघोडियाच्या एका कारखान्यात इंजिनियर होते, आता निवृत्त. त्यांचा मुलगा तन्मय, अलकापुरीत आवाजाचं काम करतो, जाहिराती आणि गाणी ध्वनिमुद्रित करण्याचं. आणि माधवरावांची धाकटी बहीण मोहना. ती शाळेत मराठी शिकवते, आणि या घरात पणजीनंतर कीर्तनाला उभी राहिलेली ती पहिलीच.

मंदिराच्या उत्सवात मोहनाचं कीर्तन ठरलं होतं. माधवरावांना वाटलं, त्याआधी पणजीचा आवाज लोकांना ऐकवावा. तन्मयने मला स्टुडिओत नेलं, नव्या यंत्रावर फिरवलं, आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतला आणि 'साफ' केला. त्याने मला मऊ ब्रशने हळुवार पुसलं, तो मुलगा वाईट नाही. पण पुढे जे केलं ते ऐका.

रविवारी दुपारी तिघं दिवाणखान्यात बसले. मी टेबलावर होते. तन्मयने स्पीकर लावला.

अरे देवा! खरखर नाही, श्वास नाही, पेटीची बेंबट नाही. बाईंच्या आवाजावरून कुणी इस्त्री फिरवल्यासारखा गुळगुळीतपणा. गुहेत गाताहेत असा घुमारा. मागे बासरी. खाली धप्प धप्प धप्प असा एक यंत्राचा ठोका, आणि त्या ठोक्यात बसावा म्हणून बाईंचा सूर कापून पुढेमागे सरकवलेला. आणि मधली जागा? ती नव्हतीच. 'हाक कोणा घालू' संपतं न संपतं तोच 'उघडले दार'. मला वाटलं, बाईंच्या तोंडात कुणी बळेबळे साखर कोंबली आहे.

माधवराव मात्र डोळे पुसत होते. "जोरदार, तन्मय! एकदम जोरदार! शंभर वर्षांनी पणजी न विसरता गायली रे. मला लहानपणी बाबा किती वेळा म्हणाले असतील, झाली याची रखमा. आज ते ऐकायला हवे होते."

"लोकांनाही आवडलंय, बाबा. कालच टाकलं मी, सगळ्या ग्रुपवर फिरतंय. एकाने तर रिंगटोन केलीये."

मोहनाने हात पुढे करून स्पीकरचा आवाज कमी केला.

"काय गं, मोहना? तोंड का वाकडं? कारलं खाल्लंस का?"

"दादा, रागावू नकोस. मला मळमळतंय."

"ॲसिडिटी असेल."

"ॲसिडिटी नाही रे, हे ऐकून! बाई दाराशी उभी आहे, हाक मारू की नको म्हणतेय, आणि दार लगेच उघडतं. आपोआप दार उघडायला तो काय अलकापुरीतला मॉल आहे?"

तन्मय हसला, पण त्याला लागलं होतं. "आत्या, तू पण ना! मध्ये नुसती शांतता होती गं. हल्ली लोकं शांतता आली की पुढे सरकतात. आणि शांतता पण कसली, खरखर. विसरली होती ती, तुला माहितीये."

"माहितीये. तरी मला ती जागा ऐकायची आहे. मूळची ऐकव. या तबकडीवरून."

"ऐकव रे पटकन," माधवराव म्हणाले. "मग तिला पॅक करायची आहे. संध्याकाळी विक्रमसिंहांचा माणूस येणार आहे न्यायला."

"कुठे न्यायला?" मोहनाने विचारलं.

आणि मित्रांनो, तेव्हा मला माझं पुढचं भविष्य कळलं. विक्रमसिंह नावाच्या गृहस्थांनी नवं हॉटेल काढलं आहे. त्यांच्या जेवणाच्या हॉलमध्ये एक भिंत 'जुन्या जमान्याची' करायची होती. तिथे जुन्या तबकड्या गोंदाने चिकटवायच्या आणि वरून सोनेरी रंग फवारायचा. माधवरावांनी मला देऊन टाकलं होतं. आवाज तर काढून घेतला, आता या काळ्या ताटलीचं काय करायचं! गोंद आणि रंग एकदा रेघांत गेला की माझ्यातून पुन्हा काही निघणार नव्हतं. सगळीकडे फिरणार ती फक्त इस्त्री केलेली बाई. आणि विश्राम? पनीरच्या वासात, सोनेरी रंगाखाली, कायमचा.

तन्मयने घरी आणलेलं यंत्र लावलं आणि पिन माझ्यावर ठेवली. खरखर सुरू झाली. माधवरावांनी कपाळाला आठी घातली. डब्यात कोंडलेल्या रखमाबाई गाऊ लागल्या.

मोहना उठून उभी राहिली. कीर्तनकाराला पद बसून ऐकवत नाही, पाय ऐकत नाहीत. 'उभी मी दारात, हाक कोणा घालू?' आणि मोहनाचं पाऊल आपसूक मागे पडलं. ती गप्प उभी राहिली. खरखर चालू होती. तिची मान हळूच वळली, दाराकडे.

"थांब," ती म्हणाली. "परत लाव."

त्याने परत लावलं. पुन्हा तिचं पाऊल मागे आलं.

"तन्मय, ही विसरलेली बाई नाही. विसरलं की माणूस चाचपडतं, श्वास अडकतो, शब्द अर्धा येतो. मी विसरलेय स्टेजवर, मला माहितीये. ही थांबली आहे. वाट बघतेय. इथे कुणीतरी वाजवतंय."

"कुणी नाहीये, आत्या. नुसते टिक टिक आवाज आहेत, ओरखड्यांचे. मीच तर काढलेत."

"ओरखडे असे चालत येतात का?"

तन्मयने कॉम्प्युटर पुढे ओढला. पडद्याकडे बघता बघता त्याचा चेहरा बदलत गेला.

"ओरखडा असता," तो हळू म्हणाला, "तर तबकडीच्या प्रत्येक फेरीला त्याच जागी आला असता. हे तसे नाहीयेत. हे... थांब हं. मी जे काढून टाकलं ना, कचरा, तो वेगळा ऐकता येतो. बाई काढतो, पेटी काढतो. नुसता कचरा ऐकू."

त्याने कळ दाबली.

आधी भजी तळल्यासारखी खरखर. मग तिच्या आत, लांबवर कुठेतरी, एक बोट. तक्. मग थांबून दुसरं. तक्. घराच्या पार आतल्या खोलीत कुणी उठलं. चालू लागलं. तक् तक्, तक् तक्. जवळ. आणखी जवळ. शेवटचा बोल अगदी उंबऱ्याशी.

माधवराव खुर्चीतून उठले होते, कुणी मोठं माणूस घरात आल्यावर उठतात तसे.

"मृदंग आहे," मोहना म्हणाली. "दादा, देवाची पावलं आहेत ती."

"म्हणजे पणजी विसरली नव्हती?"

"नाही रे."

माधवराव पुन्हा बसले. "आणि आम्ही घरभर..." एवढंच म्हणून त्यांनी चष्मा काढला.

तन्मय पडद्याकडेच बघत होता. "मी धुऊन टाकलं त्याला," तो म्हणाला. "बटण दाबून. आणि वर माझा ठोका घातला. शी!" मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्या मनातली शी पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या तोंडून आली. मला तो मुलगा तेव्हा आवडला.

माधवरावांनी फोन उचलला. "हां, विक्रमसिंहभाई, केम छो? ... ना ना, माणस ना मोकलता, पाठवू नका कुणाला. रेकॉर्ड नहीं मळे, नाही मिळायची. ... अरे, तुमची भिंत छान दिसेल हो, पण आमच्या घरातला एक माणूस आहे त्यात. ... ना, मजाक नथी करतो. त्याला गोंद नाही लावता येत."

अशी मी वाचले. पण सगळं गोड झालं असं समजू नका. तन्मयने आपली साफ केलेली प्रत काढून घेतली, तरी ती फिरायची थांबली नाही. ती कुणाकुणाच्या फोनमध्ये वाजते, लग्नाच्या व्हिडिओंखाली वाजते, आणि ज्या हॉटेलच्या भिंतीवर मी नाही त्या हॉटेलात जेवताना वाजते म्हणे. रखमाबाई धप्प धप्प ठोक्यावर देवाला हाका मारतात आणि लोक सूप पितात. मला अजून मळमळतं.

उत्सवात मोहनाने मूळचं पद लावलं, खरखरीसकट. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी कानावर हात ठेवला. "साफवाला लगावो ने, बेन!" असा मागून आवाजही आला. मोहना हलली नाही. ती जागा आली तेव्हा तिने हात वर केला आणि म्हणाली, "खरखर ऐका. खरखरीत शोधा." काहींना ऐकू आलं. बऱ्याच जणांना नाही. पहिल्या रांगेतल्या गृहस्थांचा हात मात्र कानावरून हळूहळू खाली आला, तेवढं मी पाहिलं.

तुम्हाला माझी विनंती आहे, मित्रांनो. जुनं काही पुसायला घ्याल, तेव्हा फडकं झटकण्याआधी त्याच्याकडे एकदा बघा. कुणीतरी त्या फडक्यावर निघून आलेलं असेल. आणि मला तेल लावू नका.

कीर्तनाच्या शेवटी मोहनाने पणजीला नमस्कार केला. मग हात जोडूनच ती म्हणाली, "आणि त्या अज्ञात मृदंगवादकालाही. त्यांचं नाव आज कुणालाच ठाऊक नाही." सगळ्यांनी हात जोडले. मी यंत्रावर पडून होते, पिन उचललेली होती, आणि माझ्या अंगावर ते नाव कुठेच कोरलेलं नाही. तुमच्याजवळ मात्र ते मी आता बोलले आहे. तेव्हा विसरू नका. तो अज्ञात नव्हता. तो पागेतला शिपाई होता, गोधडीखाली वाजवत होता आणि त्याने खरं सांगितलं होतं. त्याचं नाव विश्राम.